नाकारलेला माल

बहरीनमध्ये सोळा वर्षं काढली म्हटलं की नागपुरात लोक पहिला प्रश्न तेलाचा विचारतात. मी तेलाच्या विहिरीजवळही कधी गेलो नाही. दुसरा प्रश्न सोन्याचा असतो. सोनं मी पाहिलं, अगदी हातात घेऊन पाहिलं, पण ते कधीच माझं नव्हतं. तिथल्या एका सरकारी खात्याच्या वखारीत मी कारकून होतो आणि त्या वखारीत फक्त जप्त केलेला माल असायचा. खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांनी मला सन्मानाने वागवलं, आणि पुढे ज्या चुकीची गोष्ट सांगणार आहे ती खात्यापेक्षा माझी जास्त आहे.

काम समजायला सोपं होतं. शिपाई किंवा अधिकारी कुठे छापा घालत, गाडी अडवत, बोट पकडत. त्यात जे सापडेल ते आमच्याकडे येई. प्रत्येक वस्तूला मी चिठ्ठी बांधायची, रजिस्टरमध्ये ओळ लिहायची आणि तिला तिच्या मांडणीवर ठेवायचं. मांडण्या तीन. पहिलीवर पुराव्याचा माल, जो कोर्टाचा निकाल लागेपर्यंत हलायचा नाही. दुसरीवर बेवारस माल, ज्याला कुणी विचारायला येतं का याची वाट पाहायची. तिसरीवर नाकारलेला माल, म्हणजे ज्याच्याजवळ सापडला त्यानेच ‘हे माझं नाही’ म्हणून सही केलेला. हा तिसरा प्रकार आम्हा सगळ्यांचा लाडका होता. त्याला कोर्ट नाही, पत्रव्यवहार नाही, वाट पाहणं नाही. ठरलेले दिवस भरले की लिलाव, आणि मांडणी मोकळी. गुन्हा शाबित झाला की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नसे. माणूस सुटला तरी वस्तू अडकलेलीच राहायची.

वखारीचे प्रमुख कॅप्टन अबू जासिम. तिकडे मोठ्या मुलाच्या नावावरून बापाला हाक मारायची रीत आहे, जासिमचा बाप म्हणून अबू जासिम. उंच, सडसडीत, बोलायला फार सावकाश. त्यांच्या हाताखाली सार्जंट मुराद. याचे आजोबा समुद्रापलीकडे आपल्या बाजूच्या मकरान किनाऱ्यावरून आलेले, त्यामुळे त्याला आमची हिंदी चांगली यायची. आवाज असा, की कुजबुजला तरी गोदामाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. तिसरा मी, यशवंत ढोके, इंग्रजी रजिस्टर लिहिणारा, टायपिंग करणारा आणि गरज पडली की हिंदी-मराठी माणसांचं बोलणं साहेबांना इंग्रजीत सांगणारा.

कॅप्टनसाहेब कसे होते हे कळायला कबुतरांची गोष्ट सांगितली पाहिजे. एकदा एका व्हॅनमधून चोरीचा माल पकडला. त्यात कबुतरांचा एक पिंजरा होता, अकरा नग. तिकडे कबुतरं पाळायचा भारी शौक. दोन माणसं हक्क सांगायला आली, दोघांकडे कागद नाही, दोघांची तोंडं सारखीच खरी. मी जिवंत मालासाठी कुठला रकाना वापरायचा या विवंचनेत होतो आणि मुराद रोज दाणे टाकून वैतागला होता. शेवटी एका सकाळी कॅप्टन म्हणाले, “दार उघडा.” मुरादला वाटलं साहेबांचं डोकं फिरलं. त्यांनी एक शिपाई एकाच्या छपरावर उभा केला, दुसरा दुसऱ्याच्या. कबुतरं आमच्या अंगणावर दोनदा फिरली आणि सरळ सनद गावाच्या दिशेने गेली. तासाभरात तिथल्या शिपायाचा फोन आला, नऊ पोचली. उरलेल्या दोन कबुतरांचं काय झालं माहीत नाही. कॅप्टननी मला रजिस्टरमध्ये लिहायला लावलं, ‘मालकी मालाने स्वतः सिद्ध केली.’ ते वाक्य टाइप करताना मला हसू आवरलं नव्हतं.

आता माझ्या चुकीकडे येतो. आम्ही माहूजला एका फ्लॅटमध्ये राहायचो. दर शुक्रवारी सकाळी आमच्याकडे वंदना व्हायची. बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती, पंचशील, मग माझी बायको सुमन पोहे करायची. सुरुवातीला आम्ही चार-पाच बौद्ध घरं होतो, टेक्निशियन, ऑफिसातली माणसं. हळूहळू कोकणातले, साताऱ्याकडचे लोकही यायला लागले. त्यांना वंदनेशी देणंघेणं नव्हतं, पण पोहे होते, मराठी होतं आणि सरकारी खात्यात काम करणारा एक मराठी माणूस होता. त्या माणसाला, म्हणजे मला, उपदेश करायला फार आवडायचं.

माझा ठरलेला उपदेश असा. आयडी कार्ड सदैव खिशात. पासपोर्टची झेरॉक्स दोन ठिकाणी. आणि कुठे पकडले गेलात, तर कागदावर जे तुमचं नाही त्याला तोंडाने माझं म्हणू नका. ‘मफी’ म्हणा, माझ्याकडे काही नाही, आणि मोकळे व्हा. वस्तू पुन्हा मिळते, व्हिसा मिळत नाही.

हा उपदेश हवेतून आलेला नव्हता. साताऱ्याकडच्या एका ड्रायव्हरने मित्राचा व्हीसीआर गाडीतून नेताना ‘माझा आहे’ म्हणून सांगितलं होतं. त्यासोबतच्या कॅसेटमध्ये काय आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. तीन महिने तो चकरा मारत होता आणि त्याची आई गावाकडे वारली तेव्हा त्याला जाता आलं नाही. त्याचं पाहून मी शिकलो आणि मग इतरांना शिकवायला लागलो. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून निदान दहा-बारा जण वाचले असतील, आणि ते मी पोहे खाताना पुन्हा पुन्हा सांगायचो.

दत्ताराम मांडवकर आमच्याकडे आला तो उपदेशासाठी नव्हे, आमचा एसी दुरुस्त करायला. संगमेश्वर तालुक्यातला, पस्तिशीचा, काटक, कमी बोलणारा. सित्राच्या एका कंपनीत एसी मेकॅनिक. सकाळी कंपनीची बस त्याला घेऊन जायची, संध्याकाळी सनदच्या खोलीवर सोडायची, आणि मग तो आपल्या स्वतःच्या हत्यारांची पेटी घेऊन लोकांचे एसी करायला निघायचा. व्हिसा फक्त कंपनीतल्या कामापुरता होता, त्यामुळे हे बाहेरचं काम नियमात बसत नव्हतं. हे मलाही माहीत होतं. पण जुलै महिना होता आणि आमच्या घरात एसीतून गरम हवा येत होती, त्यामुळे मी नियमाचा विषय काढला नाही.

ती पेटी मी त्या दिवशी नीट पाहिली. पत्र्याच्या डक्टचे तुकडे जोडून त्याने ती स्वतः बनवली होती आणि हिरवा रंग दिला होता. आत प्रत्येक हत्याराला जागा. निळ्या-लाल तबकड्यांचं गेज, तांब्याची नळी कापायचं कटर, नळीचं तोंड रुंद करायचं यंत्र, गॅसचा टॉर्च, हवा ओढून काढायचा छोटा पंप, आणि एक पाना, ज्याच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. प्रत्येकावर कुंकवाचं एक बोट उमटलेलं होतं. कुठे ताजं, कुठे काळपटलेलं, एकावर एक साचलेलं. दर दसऱ्याला खोलीतल्या खाटेवर हत्यारं मांडून तो पूजा करायचा. पेटी उघडण्याआधी तो झाकणाला हात लावून कपाळाला लावायचा, आपण घरात शिरताना चपला काढतो तितक्या सहज.

“ही कंपनीची का?” मी विचारलं.

“नाय साहेब, माजी. एकेक घेतला, सात वर्सा लागली.” मग म्हणाला, “गावाला गेलू की देवरुखात गाळा घेयाचा हाय. फ्रिज-एसी रिपेरिंग.”

एसी थंड झाला. सुमनने त्याला जेवायला बसवलं, आणि पुढच्या शुक्रवारपासून तो पोह्याला यायला लागला. माझा उपदेश ऐकताना तो मान हलवायचा. माझ्या श्रोत्यांत त्याच्याइतकं लक्ष देऊन ऐकणारं कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एका दुपारी मुराद एक पिकअप घेऊन अंगणात आला. मागच्या बाजूला तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, सित्राच्या एका बांधकामावरून चोरलेली. ड्रायव्हरने तिथल्या तिथे कबुली दिली होती. त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाचा काही संबंध नव्हता, तो सनदला जायला वाटेत गाडीत बसला होता. तो माणूस दत्ताराम होता, रजा टाकून बाहेरचं काम करून परतणारा. तांब्याच्या वेटोळ्यांच्या मधोमध हिरवी पेटी होती.

तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला. ओळख दाखवावी की नाही हे त्याला कळेना, मलाही कळेना. मी कामाचा चेहरा केला. मुरादने पेटीवर बूट टेकवून विचारलं, “ये किसका है?”

दत्तारामने मुरादकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “माजी नाय.”

मी लिहिलं. पत्र्याची पेटी एक, हिरवी. हत्यारं एकोणीस, त्यांवर लाल रंगाचे डाग. जवळ बाळगणाऱ्याने नाकारली. अरबी-इंग्रजी छापील फॉर्म पुढे सरकवला आणि बोटाने जागा दाखवली, “इथे सही कर.” त्यात काय लिहिलंय हे मी त्याला वाचून दाखवलं नाही, कुणालाच दाखवत नसे. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाईटही वाटलं नाही. उलट वाटलं की गडी शिकला. तासाभरात त्याला सोडून दिलं, व्हिसाला धक्का न लागता. संध्याकाळी घरी जाताना मी स्वतःवर खूश होतो.

नंतरच्या गुरुवारी दुपारी तो वखारीच्या फाटकावर आला. आत आला नाही. मी बाहेर गेलो.

“साहेब, पेटी बरी हाय ना?” दवाखान्यात ठेवलेल्या माणसाची चौकशी करावी तसं त्याने विचारलं.

“आहे. मांडणीवर आहे.”

“पंपातला त्याल बदलायला होवा. नायतर जाम व्हयल.”

एवढंच बोलून तो गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा आला. पेटी परत द्या असं तो एकदाही म्हणाला नाही. आपलं नाही म्हटलेलं मागायचं कसं, हे त्याला पडलेलं कोडं असावं. जाताना सांगून गेला की कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय, व्हिसा कॅन्सल होतोय, महिन्याअखेर सोमवारचं विमान आहे. देवरुखातला गाळा मेहुण्याने बघून ठेवला होता.

मी आत आलो आणि जे केलं ते सांगायला आता हसू येतं. घरून सुमनच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणली आणि दुसऱ्या दिवशी कुणी नसताना जप्त मालाच्या पंपात ते तेल घातलं. पंधरा वर्षांत मी नियम मोडून मालाला हात लावला तो एवढाच.

त्याच आठवड्यात वरून एक टिपणी आली. जप्तीच्या नियमांत सुधारणा करायचा विचार चालला होता, प्रत्येक शाखेने आपलं मत कळवायचं होतं. प्रश्न साधे होते. गुन्हा शाबित नसताना वस्तू ठेवून घ्यावी का? मालकाला कळवायची जबाबदारी कुणाची? ‘माझं नाही’ असं लिहून देणाऱ्याला ते मागे घेता यावं का? बाहेरच्या माणसाला वाटेल, पोलीस लोक एकमुखाने ‘काही बदलू नका’ म्हणाले असतील. तसं नव्हतं. कॅप्टनच्या खोलीत चहा पिताना दोन तास वाद झाला, आणि मुरादच्या बोलण्यात दम होता हे मी आजही मान्य करतो.

तो म्हणाला, “एकच बोट आपण तीन वेळा पकडली, साहेब. तीनही वेळा मालक साळसूद. एकदा मेव्हणा चालवत होता, एकदा भाडेकरू, एकदा तर म्हणे बोट स्वतःच सुटून गेली. माणसं आपण आत टाकली, बाहेर आली, पुन्हा दारू आणली. इंजिन ठेवून घेतलं तेव्हा धंदा बंद झाला. माणूस तुरुंगाला भीत नाही, इंजिनाला भितो. उद्या प्रत्येकाला आपण विचारत बसलो, बाबा हे तुझं का, तर प्रत्येक चोर मालक होईल.”

कॅप्टन म्हणाले, “आणि जो चोर नाही तो?”

“तो येईल आणि सांगेल.”

“येतो?”

कॅप्टन माझ्याकडे वळले. “ढोके, रजिस्टर तू लिहितोस. तिसऱ्या मांडणीवरचं किती खरोखर नाकारलेलं असतं? तुझं मत काय?”

माझ्या डोळ्यांसमोर हिरवी पेटी होती. मी म्हणालो, “सर, मी टायपिस्ट आहे. माझं काही मत नाही.”

घरी आल्यावर मी सुमनला सगळं सांगितलं, बढाईच्या सुरात सुरुवात करून. ती पोळ्या लाटत होती. ती थांबली नाही, पण लाटणं जोरात आपटायला लागलं. “त्या माणसानं आपल्या घरात बसून एसी केला. पेटी त्याची हाय हे तुमाले ठाऊक होतं.”

“त्यानेच नाही म्हटलं, सुमन. मी काय करू?”

“तुमीनंच त शिकवलं त्याले. तो तुमच्याकडं पाहून बोलला नं? मंग तोंड पाडून काहून बसले?” आणि मग शांतपणे म्हणाली, “साहेबानं विचारलं त तुमीबी माहं नाही म्हणूनच आले.”

बायकोने इतकं नेमकं बोलू नये. मला जेवण गेलं नाही. नोकरी जायची भीती खरी होती. ओळखीच्या माणसाचा माल, त्याच्या बेकायदा कामाची माहिती असूनही गप्प राहणं, त्याच कामाचा घरी फायदा घेणं. पण सोमवारच्या विमानाला आठ दिवस होते. सकाळी कॅप्टनच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं, शिलाईच्या तेलासकट.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्याने जे सांगितलं ते तू लिहिलंस. त्यात गुन्हा नाही. पण तुला माहीत होतं.” एवढंच ते रागाचं वाक्य. मग ते उठून खिडकीशी गेले. “मला सुधारणेवर मत लिहायचंय. नुसतं मत लिहिण्यापेक्षा करून पाहू. टिपणीत म्हटलंय तसं, माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं, बयान मागे घ्यायची संधी द्यायची. मी माझ्याकडून एक जास्त घालतो. वस्तू माझी म्हटली म्हणून त्याला दुसरं काही विचारायचं नाही, बाहेर काम करतो का, कुणासाठी, काहीच नाही. हो म्हणाला तर पेटी त्याच दिवशी त्याची. पण एक अट. त्याला तू आधी काही शिकवायचं नाहीस. तू वाचशील, भाषांतर करशील, बस. नियम चांगला असेल तर माणूस आपोआप बोलेल. तू शिकवल्यामुळे बोलला तर तो नियम नव्हे, तुझी ओळख.”

मी शब्द दिला. तेव्हा ती अट मला रास्तच वाटली.

वखारीतला एसी त्या आठवड्यात खरंच बंद होता, गॅस गळत होता. मुरादने दत्तारामला निरोप पाठवला. शनिवारी सकाळी तो आला, विमानाला दोन दिवस होते. शर्ट इस्त्रीचा होता. त्याला सांगितलं, हा एसी बघ, हत्यारं समोर आहेत ती वापर. टेबलावर हिरवी पेटी ठेवली होती.

तो पेटीसमोर गेला. झाकणाला हात लावला, कपाळाला लावला आणि उघडली. मुरादने माझ्याकडे पाहिलं. मग दीड तास आम्ही तिघं बघत राहिलो. तो एसीकडे तोंड करून काम करायचा आणि हात मागे जाऊन बरोबर हवं ते हत्यार उचलायचा, वळून न बघता. पंप हातात घेतल्यावर त्याने त्याचं झाकण काढलं, आतल्या तेलाचा वास घेतला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते तेल चिंधीत ओतून टाकलं. पेटीच्या कोपऱ्यातल्या छोट्या डबीतून दुसरं भरलं. डबी तिथे आहे हे माझ्या रजिस्टरमध्येही नव्हतं. सांधा जोडला, गॅस भरला, थंड हवा सुटली. मग त्याने एकेक हत्यार पुसलं, आपापल्या जागी ठेवलं, आणि पेटी बंद केली.

कॅप्टन हळूच मला म्हणाले, “कबुतरं घरी पोचली.” त्यांच्या चेहऱ्यावर कबुतरांच्या दिवशीचं हसू होतं.

आम्ही टेबलाशी बसलो. कॅप्टननी त्याला खुर्ची दिली, तो टोकावर बसला. मी नव्या मसुद्याप्रमाणे कागद वाचला, मराठीत, सावकाश. ही पेटी अमुक दिवशी सापडली. ती तुमची नाही असं तुम्ही सांगितलंत. ते बयान तुम्हाला आज बदलता येईल. पेटी तुमची असेल तर तसं सांगा. त्यावरून तुम्हाला दुसरा कोणताही प्रश्न विचारला जाणार नाही आणि पेटी आज परत मिळेल. तुम्हाला हे समजलं का?

“समाजला,” तो म्हणाला.

“मग सांगा, ही पेटी तुमची आहे का?”

त्याने पेटीकडे पाहिलं नाही. कॅप्टनच्या खांद्यावरच्या पट्ट्यांकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी शब्द दिला होता. डोळ्याची पापणी हलवणंही शिकवण्यात जमा झालं असतं, असं मी तेव्हा मानत होतो. मी कागदाकडे पाहत राहिलो.

“नाय साहेब,” दत्ताराम म्हणाला. “माजी नाय.”

‘नाय’ कळायला मुरादला भाषांतर लागलं नाही. कॅप्टनला लागलं. ते माझ्याकडे बघत थांबले, जरा जास्तच थांबले. आता वाटतं, ते मला वेळ देत होते. खोलीत मराठी समजणारा मी एकटा होतो, आणि मुराद तोंड उघडणार नव्हता हे मला त्याच्याकडे न बघताही कळत होतं. मी पंधरा वर्षं जसं केलं तसं केलं. शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, “सर, तो म्हणतो त्याची नाही.”

कॅप्टननी मान हलवली. दत्तारामने सही केली, पहिल्या वेळेपेक्षा वळणदार. या वेळी त्याला प्रत्येक ओळ समजलेली होती. नियमात काही कसर राहिली नाही.

तो बाहेर पडल्यावर मुराद माझ्या टेबलाशी आला. सुधारणेच्या विरोधात सगळ्यांत जास्त बोलणारा तोच. त्याच्या मानाने अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “ढोके, मैं होता तो झूठ बोल देता.” आणि नंतर आठ-दहा दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

पेटी लिलावात गेली. आम्हा नोकरांना बोली लावायची मनाई होती. सित्राच्या एका भंगारवाल्याने ती इतर सामानासोबत उचलली आणि ट्रकमध्ये टाकताना झाकण उघडलं गेलं. नवे नियम पुढे आले. त्यांत माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवायची अट राहिली, बयान मागे घ्यायला दिवस मिळाले. कॅप्टननी घातलेलं ‘दुसरं काही विचारायचं नाही’ हे कलम वरच्या पातळीवर गळलं. तरीही पुढच्या वर्षभरात त्या अटीमुळे एका सुताराचं रंधा-करवतीचं सामान परत गेलं, एका शिंप्याचं मशीन गेलं. त्यांना कागद वाचून मीच दाखवायचो, आणि चांगलं वाचायचो. शुक्रवारचे पोहे चालू राहिले. उपदेश मी बंद केला.

कॅप्टन दोषी नव्हते. ते सज्जन होते, म्हणून त्यांना वाटलं की सज्जनपणा कागदावर लिहिला की समोरच्याला दिसतो. मुरादचंही खोटं नव्हतं, इंजिन ठेवल्याशिवाय ती बोट थांबली नसती. आणि माझा उपदेशही चुकीचा नव्हता, दहा-बारा माणसं त्यावर वाचली. सगळे आपापल्या जागी बरोबर असताना एका माणसाची सात वर्षं ट्रकमध्ये जाऊन पडली, हे मी इतक्या वर्षांत कुणाला नीट समजावून सांगू शकलो नाही. मुलगा इंग्रजीत विचारतो, बाबा, तुम्ही नुसतं ‘यस’ का नाही म्हणालात? त्याला मी प्रामाणिकपणा वगैरे सांगतो. तो ऐकून घेतो.

त्या शनिवारचं एक सांगायचं राहिलं. दत्ताराम निघाला तेव्हा मी त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेलो. ऊन चढलं होतं. माझ्या मनात बरंच काही होतं, माफी मागावी, ओरडावं, परत आत घेऊन जावं. तो मात्र मोकळा दिसत होता, खूप मोठं संकट टळल्यासारखा. दोन दिवसांनी विमान होतं, बायको चिपळूणच्या स्टँडवर येणार होती, फाइल झाली नव्हती, कुणी काही विचारलं नव्हतं. फाटकाबाहेर पाऊल टाकून तो थांबला आणि परीक्षेचा पेपर देऊन आलेला माणूस मास्तरला विचारतो तसं त्याने मला विचारलं.

“साहेब, बरोबर बोललू ना मी?”

मी म्हणालो, हो, बरोबर बोललास.